नमुना पाहून घ्यावयाची पदवी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो, तेव्हा जाणता खरेदीदार पोत्यावर छापलेले नाव वाचत बसत नाही. तो ढिगात हात घालतो, खालच्या थरातले एक हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. वरून पॉलिश केलेले हळकुंड आतून फिकट निघाले, की भाव तिथल्या तिथे उतरतो. तीन पिढ्या हाच व्यवसाय करणाऱ्या एका अडत्याच्या गादीवर यंदा जून महिन्यात हिशेबाच्या वह्यांशेजारी चार गुळगुळीत माहितीपुस्तिका येऊन पडल्या. घरातील थोरलीने बारावी शास्त्र शाखेतून पूर्ण केली होती, परिचर्येच्या पदवीची सामाईक प्रवेश परीक्षाही दिली होती, आणि आता महाविद्यालय निवडावयाचे होते. घरात अण्णा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिच्या वडिलांनी पुस्तिका चाळल्या. चारही मुखपृष्ठांवर पांढऱ्या पोशाखातील त्याच त्या हसऱ्या मुली होत्या.

"यातलं स्वस्त कोणतं आणि चांगलं कोणतं?" अण्णांनी विचारले.

"मला हॉस्पिटलची नर्स नाही व्हायचं, अण्णा. गावाची नर्स व्हायचंय. ते कुठे नीट शिकवतात, ते बघायला हवं," थोरली म्हणाली.

गावाची नर्स हा शब्द तिने पुस्तकातून उचललेला नव्हता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. पेठेतील या कुटुंबाचे तळमजल्यावरील दुकान बुडाले, गोदामातील माल गेला, आणि घरातली सारी माणसे उंचावरच्या एका शाळेत जाऊन राहिली. थोरली तेव्हा बारा वर्षांची होती. त्या निवाऱ्यात रोज सकाळी एक आरोग्य सेविका येई. ती कोणालाही तपासावयास बोलावत नसे. वर्गावर्गातून फिरून स्वतःच विचारी: ताप कोणाला आहे, जुलाब कोणाला होतात, गरोदर कोण आहे, रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या कोणाच्या घरी राहिल्या. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांच्या पायांवरील जखमा ती पाही, कारण लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. पिण्याच्या पिंपात क्लोरीनचे द्रावण टाकून ती घड्याळात अर्धा तास मोजी आणि मगच पाणी घेऊ देई.

आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरात पाण्याखाली गेल्या होत्या. त्या बाईने वहीत गोळीचे नाव लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाकीट आणून दिले. आजी पिंपातील पाणी उकळल्याशिवाय पीत नसे. या अडचणीत तेवढे नियम कशाला, असे काही जण कुजबुजले. पण सेविकेने उलट आजीलाच पुढे केले. "या आजी पाणी गाळतात आणि उकळतात. नुसतं गाळून भागत नाही, उकळणं महत्त्वाचं. लहान मुलांसाठी सगळ्यांनीच उकळा," असे तिने साऱ्या वर्गात सांगितले, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात एक मोठे पातेले केवळ पाण्यासाठी राखून ठेवविले. थोरलीच्या मनात राहिली ती ही बाई. रोगी होण्याआधीच माणसाकडे जाणारी.

सहा वर्षांनी थोरलीने हा विचार बोलून दाखविला तेव्हा घरात तो सहज स्वीकारला गेला, असे नाही. व्यापारी कुटुंबांत मुलीने सनदी लेखापाल व्हावे, औषधनिर्माणशास्त्र शिकावे, अगदी डॉक्टर व्हावे, येथपर्यंत आता कोणाची हरकत नसते. परिचारिका म्हटले, की बैठकीतला आवाज खाली येतो. काकांनी लग्नाचा विषय काढला. आईला रात्रपाळीची काळजी वाटली. आजीने वसतिगृहातील जेवणाचे विचारले: कांदा-लसूण नसलेले, आणि दिवस मावळण्यापूर्वी, कसे जमणार? यांतील आजीचा प्रश्नच सर्वांत व्यवहार्य होता, आणि त्याला पुढे उत्तरही मिळाले. काकांच्या शंकेविषयी इतकेच म्हणता येईल, की आपल्या घरातील आजारी माणसाजवळ रात्रभर बसणारी परिचारिका सुशिक्षित व सुस्वभावी असावी, असे ज्यांना वाटते, त्यांनीच ती दुसऱ्याच्या घरातून यावी असा आग्रह धरणे हा हिशेब फारसा सरळ नाही.

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी कोरी वही काढली.

पहिली अडचण नावाचीच निघाली. बारावीनंतर थेट 'सार्वजनिक आरोग्य परिचर्या' अशी पदवी असते, अशी थोरलीची समजूत होती, आणि त्या नावाचा शोध घेता घेता ती भलत्याच जाहिरातींपर्यंत पोहोचली होती. वस्तुतः मूळ शिक्षण एकच, आणि विशेष शिक्षण त्यानंतर. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात आणि खुल्या प्रवर्गास ४५ टक्के गुण, जी.एन.एम.ला कोणत्याही शाखेची मुलगी जाऊ शकते. आठ सत्रांच्या सध्याच्या पदवी अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय पाचव्या व सातव्या सत्रात येतो, आणि शेवटचे सत्र प्रत्यक्ष कामाचे असते. ज्यांना त्याच वाटेने पुढे जावयाचे असते, त्यांच्यासाठी नोंदणीनंतर एक वर्षाची सार्वजनिक आरोग्य परिचर्येची पदविका आहे, किंवा पदवीनंतर वर्षभर अनुभव घेऊन याच विषयातील दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. ही पदव्युत्तर पदवीही परिचारिकांना खुली असते; मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तिचे शिक्षण मिळते. जी.एन.एम. झालेली मुलगीही दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेऊन याच रांगेत येऊ शकते. ज्या घराला चार वर्षांचा खर्च एकदम पेलत नाही, त्या घराने ही पायरीपायरीची वाट कमी लेखू नये.

म्हणजे निवड नावाची नव्हती. चारही ठिकाणी अभ्यासक्रम कागदावर तोच होता, विद्यापीठ तेच होते. फरक होता तो खर्चात, आणि पाचव्या-सातव्या सत्रात मुलींना नेमके कोठे नेतात यात.

खर्चाची बाजू अण्णांनी एका रात्रीत उलगडली. माहितीपुस्तिकेत शिकवणी शुल्क ठळक छापलेले असते; वसतिगृह, भोजन, गणवेश, प्रात्यक्षिकासाठीची बस, विद्यापीठाचे शुल्क, अनामत ही सारी पिल्ले पुढील पानांवर असतात, काही तर छापलेलीच नसतात. दोन खासगी महाविद्यालयांचे आकडे त्यांनी समोरासमोर मांडले. एकाचे शुल्क वर्षाला ७० हजार, दुसऱ्याचे ९५ हजार. पहिले दूरच्या जिल्ह्यात होते. वसतिगृह व भोजन मिळून महिन्याला ७ हजार, अकरा महिन्यांचे ७७ हजार. चार वर्षांचे शुल्क २ लाख ८० हजार आणि राहण्याचे ३ लाख ८ हजार, एकूण ५ लाख ८८ हजार. दुसरे घरापासून तासाभराच्या अंतरावर होते. शुल्क ३ लाख ८० हजार, प्रवासाचे महिना दीड हजार धरून चार वर्षांचे ६६ हजार, एकूण ४ लाख ४६ हजार. जे महाग म्हणून बाजूला ठेवले होते, ते जवळजवळ दीड लाखाने स्वस्त निघाले. हे आकडे त्या दोन संस्थांपुरतेच. शिवाय शेवटच्या सत्रात सकाळच्या व रात्रीच्या पाळ्या असतात, तेव्हा काही महिने तरी महाविद्यालयाजवळ राहावे लागेल, हे अण्णांनी वहीच्या समासात लिहून ठेवले. पण शुल्क म्हणजे खर्च नव्हे, एवढे त्या एका पानाने घरात सर्वांना पटविले.

शासकीय महाविद्यालयांचे शुल्क या दोहोंपेक्षा पुष्कळ कमी असते, म्हणून पसंतिक्रमात ती सर्वांत वर लिहावयाची, हे उघड होते. जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, म्हणून त्यांवर विसंबून मात्र राहता येत नाही. सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांत, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक, मुलींचे पदवीशिक्षण शासनाच्या खर्चाने होते. परंतु त्यासाठी नीट परीक्षा द्यावी लागते आणि नंतर सैनिकी परिचर्या सेवेचे बंधन असते. गावाची नर्स होऊ पाहणाऱ्या मुलीचा तो मार्ग नव्हे.

खासगी संस्थांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते, आणि प्रत्येक संस्थेचे मंजूर शुल्क कोणासही पाहता येते. त्याहून अधिक मागणी झाली, 'देणगी' वा 'विकासनिधी' असे कोणतेही गोंडस नाव तिला दिले तरी, ती १९८७ च्या कॅपिटेशन शुल्कविरोधी कायद्यात बसणारी गोष्ट होय. व्यापाऱ्याने पावतीविना पैसे देण्यापूर्वी हे आठवावे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही सवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलीला आहे. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापनाच्या जागेवर, 'फेऱ्यांची कटकट नको' म्हणून घाईने प्रवेश घेतला, की ती गेली. ही एक घाई चार वर्षांच्या शुल्काएवढी महाग पडू शकते, आणि अनेक घरांना ते प्रवेश झाल्यावर कळते. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत समाजाच्या मुलींसाठी काही जागा राखीव असतात, तसेच महाडीबीटीवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना असतात. त्या त्या वर्षीच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेतच पाहाव्यात. गेल्या वर्षी पुतणीला मिळाली म्हणून यंदा मिळेलच असे नसते.

अण्णांचे उत्पन्न आठ लाखांहून अधिक होते. यार्डातील एका परिचिताने सुचविले, की दाखल्यापुरते ते कमी दाखविता येईल. बरेच जण दाखवितात. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला. घरी आल्यावर आईजवळ मात्र ते म्हणाले, "पुरानंतर माझं खरंच आठ लाखांच्या आत होतं. तेव्हा एखाद्याने खोटा दाखला काढून माझ्या पोरीची जागा घेतली असती, तर?" या प्रश्नानंतर घरात त्या सूचनेची पुन्हा चर्चा झाली नाही.

मग तो दूरध्वनी आला. बोलणारा अतिशय अदबीने बोलत होता. शेजारच्या राज्यात महाविद्यालय आहे. चार वर्षांचे मिळून दीड लाख. राहण्याचा खर्च शून्य, कारण राहावयाचेच नाही. परीक्षेपुरते यावे, हजेरीचे 'बघून घेतले जाईल'. काकांचे डोळे चमकले. वहीतील ४ लाख ४६ हजारांपुढे दीड लाख हा आकडा कोणासही मोहविणारा होता. अण्णांनी तीनच गोष्टी विचारल्या. विद्यापीठाची यंदाच्या शैक्षणिक वर्षाची संलग्नता आहे काय? त्या राज्याच्या परिचर्या परिषदेच्या यादीत संस्था आहे काय, व किती जागांना मंजुरी आहे? भारतीय परिचर्या परिषदेकडे तिची नोंद आहे काय? पलीकडून उत्तर आले, "ते सगळं होऊन जाईल, शेठ." अण्णांनी सांगितले, की झाल्यावर फोन करा.

या ठिकाणी थोडे थांबावे लागेल, कारण अशा दूरध्वनींना बळी पडणारी घरे अडाणी नसतात. परिचर्येत पदवीपत्र हा अर्धाच माल आहे. राज्य परिषदेत नोंदणी झाल्याखेरीज परिचारिका म्हणून काम करता येत नाही, शासकीय भरतीत अर्ज चालत नाही, पुढील शिक्षणाचे दार उघडत नाही, दुसऱ्या राज्यात वा परदेशात जाता येत नाही. ही नोंदणी पदवी पाहून होते आणि पदवीमागील संस्थेची मान्यताही पाहून होते. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. संस्थांची नावे बदलतील, पण नोंदणीविना परिचारिका नाही हे तत्त्व बदललेले नाही. महाराष्ट्रात प्रवेश घेणाऱ्याने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची यादी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची यादी आणि प्रवेशप्रक्रियेतील जागांचा तक्ता, हे तिन्ही कागद जुळवून पाहावेत. तिन्हींत नाव व जागांची संख्या जुळली नाही, तर पुढे जाऊ नये. आणि घरबसल्या मूळ परिचर्या शिक्षण, हा प्रकारच अस्तित्वात नाही. ज्या मुलीने खऱ्या बाळाला सुई टोचताना शिक्षिकेचा हात शेजारी अनुभवला नाही, तिच्या हाती पुढे कोणाचे तरी बाळ दिले जाणार असते. हळदीत पिवळेपणासाठी शिसेयुक्त क्रोमेट मिसळणाऱ्यांविषयी यार्डात जो तिरस्कार आहे, तोच येथे असावयास हवा. भेसळ विकत घेणारा फसतो हे खरे, पण ती खाणारा तिसराच असतो.

उरलेल्या दोन खासगी महाविद्यालयांना अण्णा आणि थोरली यांनी प्रत्यक्ष भेट दिली. काकाही आले, बहुधा पसंती मोडावी म्हणून.

पहिल्या ठिकाणची इमारत देखणी होती. प्रयोगशाळेत सरावासाठीचे पुतळे नवे, ग्रंथालय वातानुकूलित. अण्णांनी रुग्णालय दाखविण्याची विनंती केली. नियमाने एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत, हे थोरलीने वाचले होते. खाटा भरपूर होत्या, चादरी शुभ्र होत्या. परतताना अण्णा हळूच म्हणाले, "वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांच्या चपला किती होत्या, मोजल्यास?" थोरलीने मोजल्या नव्हत्या. दोन जोड होते. क्षेत्रकार्यासाठी मुलींना कोठे नेता, असे विचारता कार्यालयातील गृहस्थांनी एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव सांगितले. किती दिवस, कोणत्या वाडीत, सोबत कोण, हे त्यांना सांगता आले नाही. "मुली सुरक्षित राहतात, फार बाहेर नेत नाही," असे ते आश्वासक स्वरात म्हणाले. आईला ते वाक्य आवडले असते. थोरलीचा चेहरा उतरला.

दुसरे महाविद्यालय जुने होते. भिंतींना रंग हवा होता, वसतिगृहाच्या जिन्यात एक फरशी हलत होती. प्राचार्याबाईंनी चहा देण्याऐवजी विचारले, "आज लसीकरण सत्र आहे, बघायचंय का?" महाविद्यालयाच्या बसमधून तिघे जण वीस-बावीस किलोमीटरवरील एका उपकेंद्रात गेले.

तेथे सातव्या सत्रातील आठ मुली आणि त्यांच्या एक शिक्षिका होत्या. एक मुलगी लसीच्या कुपीवरील खूण पाहत होती. वर्तुळातील चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तर लस वापरावयाची, तो वर्तुळाएवढा गडद झाला तर टाकून द्यावयाची. म्हणजे वाटेत उष्णता लागली की नाही, ते कुपी स्वतःच सांगते. अण्णांना ही कल्पना फार आवडली. पेवातील हळद किती दमटली, हे सांगणारी अशी खूण असती तर हरिपुरात कितीकांचे भांडवल वाचले असते, असे ते काकांना म्हणाले. दुसरी मुलगी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगत होती: कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करावे, पुन्हा केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणावे. सांगून झाल्यावर ती आईकडून तेच परत म्हणवून घेई. बाळाला अर्धा तास थांबवून घेण्यावरून एका घाईतल्या आजोबांशी तिची थोडी हुज्जतही झाली. आजोबा थांबले.

दुपारी एका मुलीबरोबर ते गृहभेटीस गेले. प्रत्येकीकडे काही कुटुंबे सोपविलेली होती आणि प्रत्येक कुटुंबाची धारिका होती: माणसे किती, पाणी कोठले, शौचालय आहे काय, गरोदर कोण, दमेकरी कोण, मागील भेटीत काय ठरले होते, त्यातले काय झाले. अण्णांना खतावणीच आठवली. घरात शिरल्यावर मुलीने पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढून जमिनीवर अंथरला, पिशवी त्यावर ठेवली, वरच्या कप्प्यातून फक्त साबण व रुमाल काढला, हात धुतले, आणि त्यानंतरच पिशवी पूर्ण उघडली. एका घरचा जंतू दुसऱ्या घरी जाऊ नये, यासाठीची ही रीत. दाराबाहेर उभ्या असलेल्या काकांनी नकळत आपलेही हात पाहिले.

परतीच्या वाटेवर काकांनी शिक्षिकेला विचारले, की हे सगळे गाव एका बाईकडे असते काय. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे मान आहे. डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार व वीस हजार. "पाच हजार गिऱ्हाइकं," काका म्हणाले, "आणि एकही उधारी बुडवून चालायचं नाही." शिक्षिका हसल्या. मग त्यांनी नोकरीचेही स्पष्ट सांगितले. उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर झाल्यापासून समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले आहे आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली त्यास पात्र ठरतात. पद कंत्राटी आहे. मानधन दरमहा २५ हजार आणि कामाच्या मोजमापानुसार १५ हजारांपर्यंत जोड. नगरपालिका, जिल्हा परिषद, स्वयंसेवी संस्था यांच्याकडील जागा वेगळ्या. कायम जागांसाठी वाट पाहावी लागते. मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयांत किंवा परदेशात अधिक मिळते, हेही त्यांनी लपविले नाही.

अण्णांनी त्या रात्री हप्ता मांडून पाहिला. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका सहसा तारण व स्वतःचा वाटा मागत नाहीत, आणि जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यास व्याजावर वजावट मिळते. व्यवसायातून रक्कम काढता आली असती. तरीही निम्मे कर्ज थोरलीच्या नावे घ्यावे, असे त्यांनी ठरविले. २५ हजारांतूनही फिटेल एवढेच. त्याहून मोठा बोजा घातला, तर तीन वर्षांनी तिला गाव सोडून जेथे जास्त मिळेल तेथे जावे लागेल, आणि मग हा सगळा शोध कशासाठी केला? सार्वजनिक आरोग्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च बेतात ठेवण्याचे खरे कारण हेच आहे, आणि ते बचतीहून वेगळे आहे.

पसंतिक्रमाचा अर्ज भरावयाच्या दिवशी थोरलीने वर तीन शासकीय महाविद्यालये लिहिली, त्याखाली ते हलत्या फरशीचे. देखण्या इमारतीचे नाव तिने लिहिलेच नाही. काकांनी विचारले, "एखादं जास्त असू दे की." अण्णा म्हणाले, "जे घ्यायचं नाही, त्यावर बोली कशाला लावायची?"

आजीला तिच्या प्रश्नाचे उत्तर थोरलीने आणले होते. त्या वसतिगृहात साधे जेवण मागणाऱ्या आणखी काही मुली होत्या, आणि संध्याकाळचा डबा लवकर भरून ठेवण्याची सोय बाईंनी मान्य केली होती; शेवटच्या सत्रातील पाळ्यांत ते रोज जमेलच, असे मात्र नाही, हेही तिने सांगून टाकले. आजी काही वेळ गप्प राहिली.

"ती शाळेतली बाई," आजीने मग विचारले, "तिचं नाव काय होतं गं?"

घरात कोणालाच आठवेना. आईने कपाटातून आजीची औषधांची जुनी डबी काढली. तळाशी निवाऱ्यातल्या गोळ्यांची चिठ्ठी अजून होती, घडीवर विरलेली. त्यावर गोळीचे नाव होते, 'सकाळी एक' असे लिहिले होते, तारीख होती आणि एक गिचमिड सही होती. थोरलीने ती दिव्याखाली धरून पाहिली. पहिले अक्षर 'स' असावे, किंवा 'म'. चिठ्ठी तिने घडी करून आपल्या अर्जाच्या कागदांत ठेवली, आणि आजीचा त्या महिन्याचा रक्तदाब मोजून घ्यावयाचा राहिला होता, तो घ्यावयास यंत्र आणावयास गेली.